गुणगुणतोय, पण फिरत नाही

मागच्या गणपतीच्या पॉटलकला मसालेभाताच्या रांगेत संपादकबाईंनी मला गाठलं. "तुमच्या त्या माशांच्या फिल्टरवर लिहून द्या ना. आमच्याकडचा लाइट जाऊन आली की हटून बसतो, सुरूच होत नाही." मी म्हटलं, "अहो, त्यावर लिहिण्यासारखं काय आहे? दोन मिनिटांचं काम." घरी येऊन लेकीला सांगितलं, तर ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "लिही बाबा. पण खरं लिही."

तेव्हा मंडळी, खरं ते लिहितो.

मी 2002 साली ओहायोत एम.एस. करायला आलो आणि इथलाच झालो. मोटर, पंप, व्हॉल्व्ह हेच माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे 2019 साली, लेक नऊ वर्षांची असताना, तिच्या हट्टापायी आम्ही पंचावन्न गॅलनची टाकी घेतली तेव्हा फिल्टर निवडण्याचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. टाकीच्या काठाला लटकणारे फिल्टर मला पसंत नव्हते, कारण सतत धबधब्यासारखा आवाज. मी कॅनिस्टर घेतला. कॅनिस्टर म्हणजे बादलीएवढा बंद डबा, टाकीखालच्या कपाटात बसतो. एका नळीनं टाकीतलं पाणी खाली येतं, स्पंज आणि चिनीमातीच्या कड्यांमधून जातं, आणि झाकणात बसवलेली चिमुकली मोटर ते दुसऱ्या नळीनं वर ढकलते. कपाटाचं दार लावलं की ढिम्म आवाज नाही. या गुणावर मी इतका खूश होतो की घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाराला कान लावायला सांगत असे. सौ. म्हणायची, पाहुण्यांना आधी पाणी तरी विचारत जा.

टाकीत सहा एंजलफिश होते. त्यांची नावं मी इथे देत नाही, लेकीला आवडणार नाही.

2022 च्या डिसेंबरात आम्ही तीन आठवड्यांसाठी सांगलीला निघालो. निघायच्या आदल्या दिवशी बॅगा वजनकाट्यावर चढउतार करत असताना लेकीनं विचारलं, "बाबा, आपण नसताना फिल्टर बंद पडला तर?" मी म्हणालो, "अगं, तीन वर्षांत एकदा तरी बंद पडलाय का?" हे उत्तर मी छाती पुढे काढून दिलं होतं. त्यातली चूक मला आठ हजार मैलांवर जाऊन कळली.

घराची किल्ली मंडळातल्याच एका मित्राकडे दिली होती. दर तीन दिवसांनी तो यायचा, चिमूटभर खाद्य टाकायचा, मेलबॉक्स रिकामी करायचा. 23 डिसेंबरला नाताळचं ते प्रसिद्ध वादळ आलं, आठवत असेल सगळ्यांना, तापमान एका दिवसात कुठल्या कुठे उतरलं. आमच्या भागात चाळीस मिनिटं लाइट गेली. मग आली. मित्र 26 तारखेला आला, 29 ला आला. टाकीतला दिवा टायमरवर लागलेला, हीटरचा तांबडा ठिपका जागेवर. सगळं ठाकठीक. कपाटातला डबा तसाही मुकाच, त्यामुळे तो बंद आहे हे त्याला कळणार तरी कसं? त्यात त्याच्या घरच्या वहिनी कनवाळू. मासे वर येऊन तोंडं उघडमिट करताहेत असं त्यानं सांगितल्यावर त्यांनी "उपाशी दिसतात बिचारे" म्हणून खाद्य वाढवलं. वास्तविक मासे वर आले होते ते हवेसाठी.

1 जानेवारीला, भारतात रात्रीचे साडेआठ वाजले होते, फोन आला. पाणी गढूळ आणि दोन मासे गेलेले. व्हिडिओवर त्यानं कपाट उघडून दाखवलं. प्लग काढून परत लावायला सांगितला. डब्यातून बारीक घूं असा आवाज, पाणी मात्र हलत नाही. मी ओसरीवर उभा राहून इंग्रजीमराठीत हातवारे करत होतो आणि झोपाळ्यावर आप्पा सुपारी कातरत ऐकत होते.

आप्पांचा मळा कृष्णाकाठी. पंपांशी त्यांचा संबंध माझ्या डिग्रीच्या आधीपासूनचा. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. "आवाज येतोय का? आणि पाणी?" आवाज येतो, पाणी नाही, असं सांगितल्यावर म्हणाले, "मग एक तर हवा धरली असंल, न्हाईतर अडकलीय. हवा धरली असंल तर आतली पाती फिरत्यात आणि आवाज पोकळ येतो. अडकली असंल तर नुसती कण्हती."

मित्रानं फोन डब्याच्या झाकणाला लावला. कण्हत होती.

"मग उघड म्हणावं, आणि बोटानं फिरव म्हणावं. टेबलफॅन न्हाई का आपण ढकलायचो."

प्लग काढून झाकण उघडलं. मोटरच्या तळाची छोटी झडप काढल्यावर आतून चुंबकाची कांडी निघाली, जेमतेम करंगळीएवढी, टोकाला प्लास्टिकची पाती. सगळ्याला तपकिरी बुळबुळीत थर. मित्रानं जुन्या टूथब्रशनं तो घासला, कांडी परत बसवली, झाकण लावलं, प्लग लावला. आणि सुरू! फोनवर दोन्हीकडून टाळ्या. मीही वाजवल्या. लेक माझ्या शेजारीच उभी होती. पडद्यावर टाकीत नळीच्या तोंडातून काळसर ढग बाहेर पडताना तिला आधी दिसला. "बाबा, ते काय आहे?" मी म्हटलं, "घाण आहे, होईल साफ." मला मोटर फिरल्याचा आनंद झालेला.

दुसऱ्या दिवशी आणखी तीन मासे गेले.

ती घाण नव्हती साधी. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि कड्यांवर जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. टाकी जगते ती यांच्या जिवावर. पण त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि तो वाहत्या पाण्यातून मिळतो. प्रवाह थांबला की बंद डब्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो. मग हवेशिवाय जगणारे दुसरे जिवाणू त्या गाळाचा ताबा घेतात आणि सगळं सडायला लागतं. नऊ दिवस सडलेलं ते पाणी मी टाळ्या वाजवत टाकीत सोडलं. बंद फिल्टरनं दोन मासे मारले, तीन मी. परतीच्या विमानात लेक खिडकीकडे तोंड करून बसली होती.

आता तो मुळात अडला का, हे सांगतो, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप सुचतं.

घरात येणारी वीज सिंगल फेज. कारखान्यातली थ्री फेज वीज मोटरच्या आत गोल फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्यामुळे मोटर निमूट फिरायला लागते. सिंगल फेजचं क्षेत्र फिरत नाही, नुसतं मागंपुढं होतं, इथे सेकंदाला 60 वेळा, भारतात 50. पंख्याला यातून वाट काढायला कपॅसिटर दिलेला असतो, आणि तो गेला की पंखा गुणगुणतो पण बोटानं ढकलल्याशिवाय फिरत नाही. आपल्या फिल्टरच्या साध्या मोटरला कपॅसिटरही नसतो. आतला चुंबक सुरुवातीला नुसता थरथरतो, इकडेतिकडे हेलकावे खातो, आणि एखाद्या हेलकाव्यात विजेशी ताल जमला की त्या दिशेनं पळत सुटतो. कधी सुलटा, कधी उलटा, म्हणूनच पाती सरळ केलेली असतात. (नव्या महाग फिल्टरांत इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्यांची गोष्ट वेगळी.) चुंबकाला हेलकावे खायला जागा मिळावी म्हणून बऱ्याच मॉडेलांत पाती त्याला घट्ट चिकटवलेली नसतात, थोडी सैल फिरतात. आपल्यापैकी एका गृहस्थांना ते तुटलंय असं वाटलं आणि त्यांनी सुपरग्लू लावला. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण नवा फिल्टर आणला.

आणि एकदा ताल जमला की मिनिटाला 3600 फेरे, ना एक कमी ना एक जास्त. ही सिंक्रोनस मोटर. भार वाढला म्हणून ती मंदावत नाही. फिरेल तर पुऱ्या वेगानं, नाही तर मुळीच नाही. त्यामुळे थर साचत जातो, सैल जागा बुळबुळीनं भरत जाते, आणि बाहेर काहीच कळत नाही, कारण फिरणाऱ्या मोटरला फिरत राहायला तेवढा जोर पुरतो. सुरू व्हायला पुरत नाही. माझा फिल्टर कदाचित वर्षभरापूर्वीच नादुरुस्त झाला असेल. फक्त त्याला कोणी थांबवलं नव्हतं.

तेव्हा फिल्टर हटून बसला तर आप्पांचीच पद्धत. आधी आवाज. अजिबात आवाज नसेल तर भिंतीतला प्लग तपासा, विशेषतः टेस्ट आणि रिसेट अशी दोन बटणं असलेला असेल तर. तिथे वीज असूनही मोटर मुकी असेल तर आतली गुंडाळी जळाली. ती इपॉक्सीत बंद केलेली असते, दुरुस्तीच्या नादी लागू नका.

आवाज आहे, पाती फिरताहेत, पण पाणी नाही, तर हवा. या पात्यांना पाणी ढकलता येतं, हवा ओढता येत नाही. मळ्यात फुटव्हॉल्व्ह गळका असला की पंपात वरून पाणी भरायचे, वेळेला शेणकालासुद्धा ओतायचे, तेच हे. (टाकीत शेणकाला नको, कृपया.) काठावरच्या फिल्टरचा डबा टाकीच्याच पाण्यानं काठोकाठ भरा आणि मग प्लग लावा. टाकीतली पातळी दोन बोटं खाली गेली असेल तरी हा त्रास होतो. हिवाळ्यात घरं कोरडी असतात, पाणी लवकर उडतं. कॅनिस्टरच्या बाबतीत आधी दोन्ही तोट्या उघड्या आहेत ना ते बघा; हसू नका, मी स्वतः एकदा अर्धा तास घालवलाय. मग नळीत वर उंचवटा किंवा वळसा आहे का बघा, हवा तिथे दडून बसते. डबा थोडा तिरका करून हलवला की बुडबुडे निघतात. हवेचा दगड पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाजवळ असेल तर तो लांब न्या.

नुसता कण्हत असेल तर प्लग काढा आणि कांडी बाहेर काढा. प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात नाही, हे घरातल्या लहानांनाही सांगून ठेवा. कांडी ज्या दांडीवर फिरते ती बहुधा सिरॅमिकची असते, वाकत नाही, सरळ मोडते, तेव्हा हलक्या हातानं. कांडी जिथे बसते ती खोबणही घासा. बरेच लोक कांडी चकचकीत करतात आणि खोबण विसरतात. आमच्याकडचं पाणी जड, पांढरा थर धरतो, त्यावर तासभर व्हिनेगर आणि मग भरपूर पाणी. रबरी रिंगेला व्हॅसलीन लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस मिळतं ते लावा.

आणि हे सगळं करण्याआधी विचारा, किती वेळ बंद होता? दोनतीन तास असेल तर खुशाल सुरू करा. त्याहून जास्त असेल तर मी तरी डबा आधी मोरीत रिकामा करतो, स्पंज आणि कड्या टाकीतून बादलीत काढलेल्या पाण्यात खळबळतो, आणि मगच प्लग लावतो. नळाच्या पाण्यात धुऊ नका, त्यातल्या क्लोरीननं उरलेसुरले जिवाणूही मरतात.

सहावा मासा वाचला. अजून आहे, एकटाच, थोडा चिडका. टाकीला आता बॅटरीवरचा हवेचा पंप आहे, लाइट गेली की आपण होऊन सुरू होतो. भारतात जाताना खाद्याच्या पुड्या औषधाच्या गोळ्यांच्या डबीत वारांप्रमाणे भरून ठेवतो, वहिनींचा कनवाळूपणा त्यापलीकडे चालत नाही. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी पंधरा मिनिटं प्लग काढून ठेवायचा, मग लावायचा आणि पाणी येतंय का बघायचं, असा नेम आहे. तो लेकीनं सुरू केला. पहिल्या वेळी मी म्हटलं, "चांगला चालतोय, कशाला थांबवतेस?" तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मी चहा घेऊन गपगुमान शेजारी बसतो.

कोणाचा अगदीच अडला तर पुढच्या पॉटलकला कांडी घेऊन या, बघू. डब्यात घालून आणा, आणि तो डबा कृपया वड्यांच्या ट्रेजवळ ठेवू नका.