सूर्याचे उत्पन्न, सावलीचा खर्च

इंदूर शहर पाणी पिते ते नर्मदेचे. होळकरांची ही जुनी राजधानी नदीपासून सुमारे ७० किलोमीटर दूर आणि पुष्कळ उंचावर वसलेली असल्यामुळे खरगोन जिल्ह्यातील जलूद येथून ते पाणी पंपांच्या साहाय्याने विंध्याचा चढ चढवून आणावे लागते. त्यापायी महापालिकेला विजेचे कोट्यवधी रुपये मोजावे लागतात. त्यावर उपाय म्हणून ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी या महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे थेट जनतेला विक्रीस काढले. व्याज सालीना सव्वाआठ टक्के. किमान गुंतवणूक दहा हजारांची, म्हणजे एखाद्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्याही आवाक्यातली. मागणी आली ती ७२० कोटींची!

सार्वजनिक आणि खाजगी पैसा एकत्र आणून हवामानबदलाला तोंड देण्याची कल्पना अलीकडे वारंवार मांडली जाते, तिचे हे चांगले उदाहरण होय. अशा रोख्यांत भांडवल खाजगी बचतीचे असते. परंतु त्यामागची पत सार्वजनिक असते. परतफेडीसाठी पालिकेच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग वेगळ्या खात्यात राखून ठेवला जातो आणि केंद्र सरकारही ‘अमृत’ योजनेतून अशा पालिकांना प्रोत्साहनपर अनुदान देते. नफा खाजगी आणि धोका सार्वजनिक अशी याची संभावना कोणी केली, तर ती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. तरीही इंदूरचा हिशेब सरळ आहे. विजेच्या बिलात जे वाचेल, त्यातूनच व्याज आणि मुद्दल फेडता यावे, अशी ही योजना आहे.

परंतु हवामानबदलाची सगळीच कामे अशी मिळवती नसतात. अहमदाबादचे उदाहरण पाहावे. राज्य सरकारच्या हमीवाचून, केवळ स्वतःच्या पतीवर १९९८ मध्ये १०० कोटींचे रोखे काढणारी ही महापालिका. त्यांतून पाणी आणि गटारे यांची कामे झाली. याच शहरात मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तेथे उष्माप्रतिबंधक आराखडा तयार झाला. लोकांना वेळीच इशारा देणे, डॉक्टर व परिचारिका यांना प्रशिक्षण देणे, रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याची सोय करणे, पुढे झोपड्यांच्या छपरांना पांढरा रंग देणे, अशी त्यातील कामे. खर्चाच्या मानाने यांतून जितके प्राण वाचतात, तितके दुसऱ्या कशाने क्वचितच वाचत असतील. पण वाचलेला जीव पालिकेच्या खात्यात रुपया जमा करीत नाही. पांढऱ्या छपरावर सव्वाआठ टक्के व्याज कोठून द्यायचे?

येथेच खरी मेख आहे. खाजगी भांडवल परताव्याच्या मागे जाते. त्यात त्याचा दोष नाही. दोष आहे तो, रोखे खपले म्हणजे आपले हवामानविषयक कर्तव्य पार पडले असे मानणाऱ्या कारभाराचा. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे काढले, ते पादचारी आणि सायकलस्वार यांच्या मार्गांसाठी. काम स्तुत्य आहे. मात्र पदपथ काही बिल वाचवीत नाही. त्याचे व्याज शेवटी पालिकेच्या सर्वसाधारण उत्पन्नातून, म्हणजे मुख्यतः करदात्याच्याच खिशातून जाणार. हे कर्ज घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. त्याला कर्ज म्हणावे, ‘निधी आला’ म्हणून पेढे वाटू नयेत, एवढेच.

तेव्हा वाटणी अशी असावी. जेथे वीज वा पाणी वाचून पैसा परत येतो, तेथे खाजगी बचतीला खुशाल बोलवावे आणि तेवढा सरकारी पैसा मोकळा करावा. मोकळा झालेला पैसा मात्र सभागृहाच्या ठरावाने सावली, पाणपोया, झोपडपट्टीतील नाले आणि दवाखाने यांच्यासाठी बांधून ठेवावा. नाहीतर तो कोणत्या उड्डाणपुलात वा सुशोभीकरणात मुरेल, हे सांगायला ज्योतिषी नको. असा ठराव रोखे विक्रीला काढण्यापूर्वीच झाला पाहिजे. पैसा हाती आल्यावर तो करायला कोणाला सवड सापडत नाही.