एपिसोडचं लेखी रूप: तिकीट बेलापूरचं, घर श्रीरामपूरला. परदेशात वाढलेली भावंडं गावी येतात तेव्हा

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही किंवा एसटीत नेट जातं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना जे ‘अं... म्हणजे’ झालं ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय: आई-बाबांच्या गावाची ट्रिप. पर्यटनाची नाही, नातेवाइकांना भेटायची. माझी आत्या लग्नानंतर न्यूझीलंडला गेली. ऑकलंडला असते. तिची दोन मुलं तिकडेच जन्मली, मुलगी चौदाची आणि मुलगा अकराचा. या डिसेंबरात ते सगळे सात वर्षांनी २१ दिवसांसाठी श्रीरामपूरला आले. आजी आता ८४ वर्षांची आहे, त्यामुळे पुढच्या सात वर्षांचा हिशोब घरात कुणी मोठ्याने करत नव्हतं. पण सगळ्यांच्या मनात तोच होता.

या २१ दिवसांत मला चार गोष्टी नीट कळल्या. तुमच्याकडेही अशी भावंडं येणार असतील, किंवा तुम्ही स्वतःच ते ‘तिकडचे’ असाल, तर उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट: यायचं कुठे?

ऐकायला सोपं वाटतं, पण भाऊ रेल्वेच्या अॅपवर ‘श्रीरामपूर’ टाकून बसला आणि त्याला दिसलं पश्चिम बंगालमधलं, हुगळी जिल्ह्यातलं श्रीरामपूर. मग कुणीतरी सांगितलं ‘बेलापूर टाक’, तर तो म्हणाला, ते नवी मुंबईत आहे ना?

तर प्रकार असा आहे. आपल्या शहराच्या स्टेशनचं नाव आजही बेलापूर आहे. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली, तेव्हा इथे श्रीरामपूर नावाचं शहर नव्हतं. काही किलोमीटरवर प्रवरेच्या काठी बेलापूर हे जुनं गाव होतं, स्टेशनला त्याचं नाव मिळालं. पुढे १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांचं पाणी फिरलं, ऊस आला, हरेगावला साखर कारखाना चालला आणि स्टेशनभोवती बाजारपेठ वाढत गेली. म्हणजे श्रीरामपूर हे मुळात बाहेरून आलेल्या माणसांचं शहर. कालव्याच्या पाण्यामागे सासवडकडचे माळी बागायतदारसुद्धा इकडच्या पट्ट्यात आले. आत्याच्या मुलांना हे सांगितलं तर अकरा वर्षांचा म्हणाला, “म्हणजे इथले पण सगळे शिफ्ट झालेत?” बरोबर बोलला.

विमानाने येणाऱ्यांसाठी काकडीचं शिर्डी विमानतळ २०१७ पासून आहे, पण परदेशातून येताना मुंबईसारख्या मोठ्या विमानतळावर उतरून पुढे यावं लागतं. आणि हो, जुन्या कागदांवर जिल्हा ‘अहमदनगर’ असेल. २०२४ पासून तो अहिल्यानगर आहे. फॉर्म भरताना लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट: कागदावर हे पाहुणे आहेत का?

न्यूझीलंडला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे तुम्ही स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. आत्याचं तसंच झालं. ती मला म्हणाली, “पासपोर्ट परत केला त्या दिवशी मी घरी येऊन पिठलं-भाकरी केली. दुसरं काय करणार?”

त्यानंतर उरतं ते ओसीआय कार्ड. म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक असं नोंदलेलं कार्ड. २००५ पासून ही सोय आहे. नावात ‘नागरिक’ असलं तरी ते नागरिकत्व नाही. आयुष्यभर चालणारा, कितीही वेळा येता येईल असा व्हिसा, एवढं समजा. आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा भारताचे नागरिक होते, तर साधारणपणे मिळतं (पाकिस्तान, बांगलादेशाशी नागरिकत्वाचा संबंध असेल तर नाही). मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

मुलांसाठी एक सूचना: वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पासपोर्ट नवा झाला की त्याची प्रत आणि फोटो ऑनलाइन टाकायचा असतो, आणि विशी ओलांडल्यावर पासपोर्ट नवा केला की कार्ड एकदा नव्याने काढायचं. तिकीट काढायच्या आधी हे बघा, विमानतळावर नाही.

तिसरी गोष्ट: भाषा. इथे मी चुकलो

आत्याच्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण बोलत नाही. असं अनेक घरांत होतं. आई-बाबा मराठीत विचारतात, पोरं इंग्रजीत उत्तर देतात, आणि दोघांनाही अर्थ कळतो म्हणून गाडी तशीच चालते. कान तयार होतो, जीभ होत नाही. कारण जिभेला बरोबरीची, खेळायला असणारी मुलं लागतात आणि तिकडे ती मराठी बोलत नाहीत.

आल्या आल्या आमच्याकडे काय झालं? प्रत्येक जण तिला म्हणायचा, “मराठीत बोलून दाखव की!” शेवटी धीर करून ती आजीला म्हणाली, “आजी, मी आलो.” बोलता बोलता शिकलेली भाषा ती, भावाचं आणि बाबांचं ऐकून. ‘आलो’ की ‘आले’ हा फरक तिला कुणी सांगितलाच नव्हता. आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. पोरगी दोन दिवस एक शब्द मराठी बोलली नाही.

आजीने मला बाजूला घेऊन सांगितलं, “ती आली होती माझ्याकडं. तू तिला परत धाडलीस.”

मग आजीनेच मार्ग काढला. शेंगा पुढ्यात घेऊन बसली आणि तिला हाक मारली. काही विचारायचं नाही. फक्त “सूप दे”, “टरफलं तिकडं टाक”, “हा दाणा खवट आहे, बघ”. काम समोर असलं की शब्दाचा अर्थ हातात असतो, आणि उत्तर द्यायची सक्ती नसते. चौथ्या दिवशी पोरीनेच विचारलं, “आजी, अजून शेंगा आहेत?” या वेळी कुणी हसलं नाही, कुणी टाळ्या पण वाजवल्या नाहीत. तेच बरोबर होतं.

तेव्हा मंडळी, येणाऱ्याची परीक्षा घेऊ नका, त्याला कामाला लावा. हुरडा भाजायला बसवा, दळणाला पाठवा, भाजी निवडायला द्या.

नात्यांचे शब्दही असेच कामातून बसतात. तिकडे सगळे ‘अंकल’ आणि ‘कझिन’. इकडे आत्याची मुलं माझ्या वडिलांना मामा म्हणतात, आणि मी त्यांच्या वडिलांनाही मामाच म्हणतो. पोरांच्या डोक्याचा भुगा झाला! याचं कारण जुनं आहे. आपल्याकडे बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्न व्हायचं. म्हणजे मुलीसाठी आत्या हीच सासू आणि आत्याचा नवरा सासरा. म्हणून सासूला ‘आत्याबाई’, सासऱ्याला ‘मामंजी’, आणि म्हणून आत्याचा नवरा तो मामा. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवर १९५३ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात या प्रथेचा अभ्यास आहे. लग्नं तशी फार होत नाहीत आता, पण हाक राहिलीय.

मधेच थोडं सामोआ

आतेबहिणीची वर्गमैत्रीण सामोअन आहे. सामोआ म्हणजे प्रशांत महासागरातला बेटांचा देश, १९६२ मध्ये न्यूझीलंडपासून स्वतंत्र झाला. लोकसंख्या साधारण दोन लाख. आणि न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेत स्वतःला सामोअन सांगणारे होते १ लाख ८२ हजारांवर. म्हणजे जवळपास एक अख्खा देश बाहेर!

त्यांच्यात अशा ट्रिपला ‘मलांगा’ म्हणतात, घरच्या माणसांनी मिळून केलेला प्रवास. कुटुंबाला ‘आइंगा’, त्यात चुलत-मावस सगळे आले. आणि लग्न, मयत, मानपान अशा प्रसंगी सगळ्यांनी मिळून जो वाटा उचलायचा, त्या प्रसंगांना ‘फाआलावेलावे’. परदेशातल्या पोरांना त्या खर्चाचा ताणही येतो आणि त्यावाचून आपण कुणाचे, हेही कळत नाही. न्यूझीलंडमध्ये दरवर्षी सामोअन भाषा सप्ताह असतो, शाळेत सगळे त्या भाषेत नमस्कार करतात. बहीण म्हणाली, “मला सामोअनमध्ये हॅलो म्हणता येतं. मराठीत मी घाबरते.” ऐकून बरं वाटलं नाही. घाबरवणाऱ्यांत मी होतो.

चौथी गोष्ट: सातबारा

आता ज्या विषयावर घराघरात आवाज खाली जातो, तो. आजोबा गेले, जमीन त्यांच्या नावावर होती. वारस कोण? आजी, माझे वडील, काका आणि आत्या, चौघांचा सारखा हक्क. मुलगी लग्न होऊन गेली, परदेशी नागरिक झाली, तरी वारसाहक्क जात नाही. ओसीआय असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते. या दोन गोष्टींत गल्लत करून बऱ्याच जणी गप्प बसवल्या जातात.

आमच्याकडे आत्या यायच्या आधीच हक्कसोडपत्राचा मसुदा तयार होता. कुणी वाईट नव्हतं. ‘आलीच आहे तर सही होऊन जाईल’, एवढंच. सोळाव्या दिवशी वडिलांनी विषय काढला. आत्या म्हणाली, “दादा, मला ऊस नको, पैसे नको. पण कागदावर माझं नाव इथं एवढ्या एकाच ठिकाणी उरलंय.”

कुणी काही बोललं नाही. बाहेर कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांचा आवाज तेवढा येत होता.

माहिती म्हणून सांगतो. वारसनोंद करायला बहिणीने हक्क सोडलाच पाहिजे असं अजिबात नाही. गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, सगळ्या वारसांची नावं लावता येतात. हक्कसोडपत्र ही वेगळी गोष्ट, दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची, आणि एकदा झालं की मागे घेणं फार अवघड. सुट्टीच्या घाईत सही करायची गरज नसते. खरंच द्यायचं ठरलं तर नंतर परदेशातल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित मुखत्यारपत्र पाठवूनही काम होतं. आधी स्वतःचा वकील गाठा, भावाचा नाही.

वडिलांनी मसुदा कपाटात ठेवला. फाडला नाही, हे पण खरं. पण आत्याचं नाव लावून वारसनोंदीचा अर्ज दिला.

शेवटी

जाताना बॅगेत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि आजीची एक जुनी गोधडी गेली. न्यूझीलंडला खाण्याच्या वस्तू उतरताना लिहून द्याव्या लागतात, नाहीतर दंड होतो. तुम्ही पाठवणार असाल तर आधी नियम बघा.

बेलापूर स्टेशनवर, म्हणजे श्रीरामपूरलाच, गाडी आली तेव्हा आतेबहीण आजीला म्हणाली, “आजी, मी जाते.”

आजी म्हणाली, “जाते नाही म्हणायचं. येते म्हण.”

“येते.”

आता दर रविवारी सकाळी आमच्याकडे व्हिडिओ कॉल असतो. आजीला स्क्रीनवर बोट कुठे लावायचं ते अजून जमत नाही, कान दिसतो नाहीतर छत. पण दोघी बोलतात, बहुतेक खाण्याबद्दल. मी फोन धरून बसतो आणि मध्ये बोलत नाही.

तुमच्या घरी कोण येणार आहे? काय चुकलं, काय जमलं, व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू. येतो!