नांदूर मध्यमेश्वरच्या काठावर एक दिवस

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर बंधारा आहे. त्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरले, पाणकणीस माजले आणि पक्ष्यांना आयते घर मिळाले. १९८६ साली येथे अभयारण्य जाहीर झाले. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. परंतु पाण्याला लागूनच शेते असल्याने हा विषय ग्रामसेवक बंधूंच्या कक्षेबाहेरचा नाही.

फाल्गुनात मी तेथे गेलो तो एका वृद्ध शेतकऱ्याच्या तक्रारीवरून. पक्ष्यांनी त्यांचा उशिरा पेरलेला गहू लोळविला होता आणि ते बांधावर विषारी दाणे टाकण्याच्या बेतात होते. वन्यपक्षी मारणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मी सांगितलेच. पण कायद्याने गहू परत येत नाही. "आबा, एक दिवस थांबा. चोर कोण ते आधी पाहू," असे म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी आम्ही दोघे बांधावर जाऊन बसलो.

तांबडे फुटताच पाणकणसातून जांभळ्या पाणकोंबड्या निघाल्या. लांब बोटांनी ताटे वाकवून त्या कोवळा भाग खाऊ लागल्या. "बघा साहेब!" आबा म्हणाले. तक्रार खोटी नव्हती, हे मला कबूल करावे लागले. मात्र त्या पाण्यालगतच्या दोनतीन वाफ्यांपुढे गेल्या नाहीत. वावराच्या मध्यभागी जाऊन पाहिले, तर तेथील ताटे बुंध्याशी तिरपी कुरतडलेली होती आणि जवळच ताज्या मातीची बिळे होती. ते काम उंदरांचे! इतक्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पिकावरून अगदी खालून तरंगत आला, झडप घालून उंदीर घेऊन गेला. विषारी दाण्यांना चोर आणि राखणदार यांतला भेद कळला नसता.

पुढचा सारा वेळ आम्ही पाहतच राहिलो. मुग्धबलाक चोचीने शंखातील गोगलगाय अलगद काढीत होता. गायबगळे नांगरटीमागून किडे वेचीत होते. तलवार बदके थोडीच उरली होती. चक्रवाकांची जोडी दाखवून, ही लडाख-तिबेटकडे जाईल असे सांगितले, तेव्हा आबांचा विश्वास बसेना.

उपाय साधेच ठरले. सायंकाळी सर्व बिळे चिखलाने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील तेथे उंदीर आहे असे समजून सापळे लावावेत. पाण्याच्या बाजूस चमकती फीत ताणावी. फवारणीचा पंप पाण्यात धुऊ नये, ही सूचना मी आपण होऊन जोडली, कारण गोगलगायी व मासे मेले की बलाकही उपाशी.

निघताना आबांनी विषाची पुडी माझ्या हाती दिली. पाणकोंबड्यांवरचा त्यांचा राग मात्र गेला नव्हता.