पडद्यावरचा पैसा नेमका कोणाचा?

चित्रपटाचा मी जाणकार नाही. छायाचित्रण, संकलन यांतले मला फारसे कळत नाही. मात्र बँकेत जन्म गेल्यामुळे एक खोड जडली आहे. पडद्यावर कोणाच्या हाती नोटांचे पुडके आले की, ही रक्कम कोणाच्या खात्यातून नावे पडली असावी, असा प्रश्न लगेच मनात येतो. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी रोजमेळ आणि खतावणी पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जात आहे. एकाकडे जमा दिसली की दुसऱ्याकडे नावे असलीच पाहिजे, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. गेल्या काही वर्षांत पैसा, बँक आणि शेअर बाजार या विषयांवर आलेले हिंदी, तेलुगू व इंग्रजी चित्रपट मी याच नजरेने पाहिले. बहुतेकांत जमेची बाजू तीन तास झळकते आणि नावेची बाजू पडद्याबाहेर राहते.

२०२४ च्या दिवाळीत आलेला ‘लकी भास्कर’ हा तेलुगू चित्रपट घ्या. दिग्दर्शक वेंकी अटलुरी, नायक दुलकर सलमान. नेटफ्लिक्सवर तो हिंदीतही आहे, त्यामुळे आपल्याकडील पुष्कळ घरांत तो पाहिला गेला. १९८९ च्या सुमाराची मुंबई, मगधा नावाची काल्पनिक बँक आणि कर्जाने गांजलेला एक प्रामाणिक कॅशियर. हक्काची बढती डावलली जाते तेव्हा हा गृहस्थ बँकेची रोकड गुपचूप बाहेर काढतो, व्यापारात फिरवतो आणि परत आणून ठेवतो. पुढे तो वरच्या पदावर जातो, रोखे घोटाळ्यात हात धुऊन घेतो आणि शेवटी सर्वांना चकवून कुटुंबासह परदेशी सुखाने नांदतो. चित्रपट कमालीचा रंजक आहे, हे आधीच सांगतो. दुलकर सलमानने बढती नाकारली गेल्यानंतरचा अपमान असा दाखवला आहे की, त्या अवस्थेतून गेलेले माझे कितीतरी सहकारी डोळ्यांसमोर आले.

पण बँकवाल्याला गप्प बसवत नाही. स्ट्राँग रूमच्या दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे मिळून उघडल्याखेरीज तिजोरी उघडत नाही. जळगावच्या शाखेत असताना कापसाच्या हंगामात रोकड इतकी येई की रात्री आठपर्यंत मोजणी चाले, तरी दुसऱ्या किल्लीवाल्याची सही झाल्याशिवाय कोणी घरी जात नसे. वरून अचानक रोकड तपासणी होई ती वेगळीच. दिग्दर्शकाला हे अडचणीचे वाटले असावे, चालायचेच. मला खटकले ते दुसरेच. भास्करने नेलेली रोकड परत आली नसती, तर कोणाचा धनादेश अडला असता? त्या माणसाचा चेहरा चित्रपटात कोठेही नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवतो, कारण बुडणारा त्याला दिसतच नाही.

‘स्कॅम १९९२’ या मालिकेबाबत मला अधिक आदर आहे. सुचेता दलाल आणि देबाशीष बसू यांच्या पुस्तकावर हंसल मेहता यांनी २०२० साली ती केली आणि प्रतीक गांधी हे नाव घरोघरी पोहोचले. बँक रिसीट, म्हणजे आमच्या भाषेत ‘बीआर’, ही कोरडी गोष्ट त्यांनी सामान्य प्रेक्षकाला समजेल अशी मांडली. एक बँक दुसऱ्या बँकेला सरकारी रोखे विकते. प्रत्यक्ष रोखे न देता ‘पैसे मिळाले, रोखे नंतर देऊ’ अशी पावती देते. मध्ये दलाल. त्या पावतीमागे रोखेच नसतील तर काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि बँकांचा पैसा शेअर बाजारात वाहत गेला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने बुडीताचा आकडा सुमारे ४,००० कोटींपर्यंत नेला.

अशा पोकळ पावत्या देणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातली एक जुनी बँक होती: बँक ऑफ कराड. ती कोसळली आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात विलीन झाली. ती कोसळली त्या वेळी ठेव विम्याची मर्यादा अवघी ३० हजार रुपये होती. कराडच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्याने मधला काळ कसा काढला असेल, मालाचे पैसे कसे भागवले असतील, यावर एक भाग सहज झाला असता. मालिकेत दहा भाग आहेत. नायकाची मोटार, त्याचा समुद्राकाठचा प्रशस्त फ्लॅट, त्याची ऐट, सारे आहे. कराडच्या खातेदाराचे घर मात्र दिसत नाही. मालिकेचे पार्श्वसंगीत तरुणांच्या मोबाइलवर वाजू लागले, ते त्या ऐटीचेच संगीत म्हणून.

हे मी खानदेशात बसून लिहितो आहे, म्हणून अधिक टोचते. जळगाव जिल्ह्यात पतसंस्था अडचणीत आल्या, त्या काळात मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली, निवृत्तीनंतर मिळालेली, शेत विकून आलेली रक्कम अडकलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. काहींनी वर्षानुवर्षे पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, हे आजही अनेकांना ठाऊक नसते. आता नव्या पिढीचा पैसा वायदे बाजारात जातो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला मुलगा एका हाताने ग्राहकाला सुटे पैसे देतो आणि दुसऱ्या हातात ऑप्शनचा भाव बघतो, हे चित्र धुळ्याच्या आग्रा रोडवरही दिसते आणि जळगावच्या दाणा बाजारातही. त्याच्या डोळ्यांसमोरचा नायक कोण, हे सांगायला नको.

अमेरिकन चित्रपट या बाबतीत सरसकट चांगले आहेत असे नाही. ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ (२०१३) तर घरात मुलांसमोर लावण्याजोगा नाहीच, आणि ज्यांच्या गळ्यात कवडीमोल शेअर मारले त्यांचा आवाज फोनच्या तारेपलीकडेच राहतो. पण ‘द बिग शॉर्ट’ (२०१५) अवश्य पाहावा. २००८ चे गृहकर्ज संकट आधीच ओळखून त्यावर पैसा लावणाऱ्या काही लोकांची ही कथा. त्यात एक भाडेकरू आहे. घरमालकाने हप्ते थकवले आहेत, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नाही. नंतर तो कुटुंबासह रस्त्यावर आलेला दिसतो. दोन तरुण आपला सौदा जमला म्हणून नाचू लागतात, तेव्हा त्यांचा वडीलधारा सल्लागार त्यांना दटावतो: आपण जिंकणार म्हणजे लोकांची घरे आणि नोकऱ्या जाणार. एवढा एक प्रसंग ‘लकी भास्कर’मध्ये असता तर तो चित्रपट कितीतरी उंचावर गेला असता. ‘डंब मनी’ (२०२३) हा त्यामानाने साधा. पण त्यात प्रत्येक पात्राच्या नावापुढे त्याची मालमत्ता किंवा कर्ज आकड्यांत दाखवले आहे, आणि शेअर वेळेवर न विकणारी परिचारिकाही आहे. हिशेब पुरा!

जुना एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६). आपल्या पतसंस्थेसारख्याच एका छोट्या संस्थेसमोर ठेवीदारांची झुंबड उडते. नायक त्यांना समजावतो की तुमचे पैसे या तिजोरीत नाहीत, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांत गुंतले आहेत. मग मधुचंद्रासाठी ठेवलेले स्वतःचे २,००० डॉलर तो वाटू लागतो. कोणी सगळे मागतो, कोणी वीस. एक बाई मात्र लागतील तेवढेच, साडेसतरा डॉलर मागते. दार बंद करताना दोन डॉलर उरतात. बँकिंगचे इतके चांगले प्रशिक्षण मला आमच्या स्टाफ कॉलेजातही मिळाले नाही.

आपल्याकडे असा चित्रपट नाही असे कोणी म्हणू नये. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची कन्या स्मिता पाटील हिची भूमिका असलेला श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढला. २०२४ मध्ये तो नव्याने दुरुस्त होऊन कान महोत्सवात दाखवला गेला आणि नंतर आपल्या देशातील चित्रपटगृहांतही आला. त्यातील खलपुरुष खासगी डेअरीवाला आहे. अमरीश पुरींनी तो केला आहे. व्यापारी म्हणून आपल्याला थोडे झोंबेल, पण दुधातील स्निग्धांश मोजून भाव ठरवण्याची दृश्ये पाहिली तर माप आणि भाव यांवरचा तो वाद आपल्या बाजारसमित्यांना अगदी ओळखीचा आहे.

आणि धुळ्याहून तासाभरावर असलेल्या मालेगावावरचा, २०२५ चा रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’. यंत्रमागांच्या गावात मित्रमंडळी जमवाजमव करून चित्रपट काढतात. पुढे पैसा आणि लेखनाचे श्रेय यांवरून त्यांच्यात फूट पडते. कोणाचे किती लागले, कोणाचे श्रेय बुडाले, हे येथे लपवलेले नाही. भागीदारीत धंदा केलेल्या प्रत्येकाने लेखक फरोग आणि दिग्दर्शक नासिर यांचे भांडण मन लावून पाहावे. विनीतकुमार सिंह यांनी तो लेखक फार उत्तम उभा केला आहे. प्राइम व्हिडिओवर आहे, दोन तासांच्या आसपास, सहकुटुंब पाहण्याजोगा.