ठिपका पसरला तर वीज

बागेतल्या सौरदिव्याचं छोटं पॅनेल सुटं केलं, तारा मल्टिमीटरला जोडल्या, पडदे ओढले आणि लाल लेसरचा ठिपका त्यावर पाडला. (लेसरपासून वाचवणारा चष्मा लावूनच, परावर्तित किरणही डोळ्याला सोडत नाही.) ठिपका झगझगीत, प्रवाह मात्र जवळपास शून्य!

पॅनेल निरखून पाहिलं की कारण कळतं. त्यावरची प्रत्येक पट्टी म्हणजे एक सेल, आणि सगळे सेल एकसर जोडलेले. एक उजळला, बाकीचे अंधारात. अशा जोडणीत सगळ्यांत कमी प्रकाश ज्याच्या वाट्याला, तोच प्रवाह अडवतो. मध्ये अंतर्गोल भिंग धरलं. ठिपका फिका होत पॅनेलभर पसरला आणि आकडा चढू लागला. भिंग जरा कलतं झालं, कडेची पट्टी काळवंडली, आकडा घसरला.

किरण सगळ्या सेलवर सारखा पसरवणं, लेसरने वीज पाठवणाऱ्यांचा मोठा झगडा हाच. 2025मध्ये अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेने न्यू मेक्सिकोत 8.6 किलोमीटरवर 30 सेकंद 800 वॉटहून जास्त वीज पोचवली. तिथे किरण एका छोट्या तोंडातून आत शिरतो, अन्वस्त आरशावर आदळतो आणि आतल्या डझनावारी सेलवर विखुरतो. कमी अंतरावर लेसरच्या प्रकाशापैकी 20 टक्क्यांच्या वर वीज हाती आली. सेलचा दोष कमीच: जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने 2021मध्ये 858 नॅनोमीटरच्या लेसरखाली गॅलियम आर्सेनाइडच्या सेलमधून प्रकाशाच्या 68.9 टक्के वीज मिळवली होती. रंग एकच असला की सेल त्या रंगाला बेतून घडवता येतो. सूर्यप्रकाशाबाबत ती सोय नाही.

लेसरची ही वीज अंतराळयानाच्या इंजिनालाही देता येईल. पण मग थेट प्रकाशानेच यान का ढकलू नये? एक किलोवॉट प्रकाश उत्तम आरशावर आदळला तर रेटा जेमतेम 6.7 मायक्रोन्यूटन. युरोपच्या ‘स्मार्ट-1’ यानाचं विद्युत इंजिन सुमारे 1.2 किलोवॉटवर 70 मिलिन्यूटनच्या आसपास रेटा देई. म्हणजे पाचातले चार भाग वाटेत गेले, तरी वीज करून ढकलणं हजारपटीहून जास्त फायद्याचं. अशा इंजिनाला मागे फेकायला झेनॉन वायू तेवढा सोबत न्यावा लागतो, आणि तो संपतो. ताऱ्यांकडे निघालेल्यांनी आरशाचं शीड धरावं. जवळच्या कामाला वीजच बरी.

जवळच्याच, कारण किरण पसरतो. पृथ्वीवरून एक मीटरच्या आरशाने चंद्रावर लेसर सोडला, तर तिथे ठिपका किलोमीटरभर रुंद होतो. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळचं शॅकल्टन विवर मात्र सुमारे 21 किलोमीटर रुंद आणि 4 किलोमीटर खोल आहे. काठावर बराच काळ ऊन, तळाला कायमचा अंधार. काठावरून तळातल्या रोव्हरपर्यंतचं अंतर न्यू मेक्सिकोतल्या चाचणीच्या जवळपास जातं, आणि वाटेत हवाही नाही.