कुपीवरचा आकडा
इन्सुलिन म्हणजे अखेरची घंटा, हा समज कामगार वस्तीत आम्हांला घरोघर भेटतो. वास्तविक टाइप दोनच्या मधुमेहात स्वादुपिंड वर्षागणिक दुबळे होते; गोळ्या पुरेनाशा झाल्या की बाहेरून भरपाई करावयाची, इतकेच. भय बाळगावे ते कुपी बदलताना. आपल्याकडे इन्सुलिन दर मिलिलिटरला ४० युनिटे व १०० युनिटे असे दोन्ही मिळते. सिरिंजाही तशाच दोन. ४० चीला लाल टोपण, १०० चीला नारिंगी. जुन्या लाल सिरिंजेत १०० च्या कुपीतले औषध १० च्या खुणेपर्यंत घेतले, की अंगात २५ युनिटे गेली! साखर कोसळते, घाम, थरकाप, प्रसंगी बेशुद्धी. हे रात्रपाळीत, चालत्या यंत्रापाशी घडले तर? पगाराच्या चिठ्ठीइतक्याच बारकाईने कुपी वाचावी, आणि सिरिंज जुळवून घेतल्याशिवाय औषधाच्या दुकानाची पायरी उतरू नये.