पत्ता-परिवर्तन : स्मृतियुक्त आणि स्मृतिनिरपेक्ष

एका लेखनपद्धतीतून दुसरीत जाणे सोपे असते. परतणे सोपे असेलच असे नाही. देवनागरीतील ‘दिन’ व ‘दीन’ हे शब्द मोडीत लिहिले की इकाराचा ऱ्हस्वदीर्घभेद लोपतो आणि वाचकास मूळ शब्द संदर्भावरून ठरवावा लागतो. शास्त्रीय रोमन लिप्यंतरात मात्र दोन्ही इकारांना स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे केवळ नियमाने मूळ लेखन परत मिळते. संगणकांच्या जाळ्यातील पत्ता-परिवर्तनाचे दोन प्रकार याच भेदावर आधारलेले आहेत.

इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. म्हणून एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होतात. ते अपुरे पडणार हे ध्यानी घेऊन, आत खासगी पत्ते वापरावेत व सीमेवर त्यांचे सार्वजनिक पत्त्यात रूपांतर करावे, ही पद्धती १९९४ मध्ये मांडण्यात आली.

खर्डी व कसारा यांच्या दरम्यान असलेल्या उंबरमाळी स्थानकावरून एखाद्या प्रवाशाने मोबाईलवर एखादे पृष्ठ मागितले, आणि त्याचा पत्ता खासगी आहे, असे समजू. मागणी बाहेर पडताना सेवा देणाऱ्या कंपनीचे यंत्र तिला सार्वजनिक पत्ता व पोर्ट-क्रमांक देते आणि ही जोडी टिपून ठेवते. तोच सार्वजनिक पत्ता इतर अनेकांनाही दिलेला असतो. त्यामुळे आलेले उत्तर कोणाचे, हे त्या नोंदीवरूनच कळते. हे स्मृतियुक्त परिवर्तन होय. नोंद नाहीशी झाली की संवाद तुटतो. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचा मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू झाला. त्या सेवेतील असे परिवर्तक ३५० सेकंद निःशब्द राहिलेल्या संवादाची नोंद सोडून देतात.

स्मृतिनिरपेक्ष परिवर्तनात नोंदवही नसते. सहाव्या आवृत्तीचा पत्ता १२८ अंकांचा असल्याने त्यात जुना ३२ अंकी पत्ता संपूर्ण सामावतो व नियमाने पुन्हा वेगळा काढता येतो. एक यंत्र बंद पडल्यास तोच नियम पाळणारे दुसरे यंत्र काम पुढे चालवू शकते. मात्र येथे पत्त्यास पत्ता द्यावा लागतो. काटकसर साधत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका योजनेत दोहोंची सांगड आहे : मोबाईलमध्ये नियमाने परिवर्तन, कंपनीकडे नोंदीने.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. एका सार्वजनिक पत्त्याआड अनेक ग्राहक असतील, तर पोलीस तपासात नुसत्या पत्त्यावरून व्यक्ती ठरत नाही. पोर्ट-क्रमांक आणि अचूक वेळ नसेल तर संशय निरपराध ग्राहकावरही येऊ शकतो. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यांत दुरुस्ती करून अशा नोंदी किमान दोन वर्षे जपण्याचे बंधन घातले. नोंद जपली की तिच्यासोबत नागरिकाच्या व्यवहाराचा मागही जपला जातो.

तात्पर्य, जेथे अनेकांचे एक रूप होते तेथे स्मृती अपरिहार्य ठरते. जेथे एकास एक रूप असते तेथे नियम पुरतो. पत्त्यांच्या टंचाईतून आपण स्मृती स्वीकारली. ती कोणाच्या हाती राहते, हे पाहणे आता अगत्याचे आहे.